रस्ता उघडणारे सैनिक – लेखांक ५ : राणे यांचे चार दिवस

गेल्या आठवड्याचा लेख प्रेमिंद्रसिंग भगत यांच्यावर होता. ॲबिसिनियाच्या मोहिमेत १९४१ साली त्यांनी चार दिवसांत ५५ मैलांवरची १५ सुरुंगक्षेत्रे साफ केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. सात वर्षांनी त्यांच्याच बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातल्या आणखी एका अधिकाऱ्याने चार दिवस रस्ता साफ केला आणि त्याला परमवीर चक्र मिळाले. ते कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. त्यांची आठवण आपण शूर सैनिक म्हणून काढतो. ती खोटी नाही, पण अपुरी आहे असे मला ठामपणे वाटते. ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत त्यांनी केले ते मुळात रस्ता बांधणाऱ्याचे काम होते. ते काम डोळ्यांसमोर उभे राहिल्याशिवाय त्यांच्या धैर्याची किंमतही कळत नाही.

१९४७–४८च्या काश्मीर युद्धात, मार्चमध्ये झांगड परत घेतल्यावर भारतीय सेनेला नौशेराहून राजौरी गाठायची होती. हा रस्ता डोंगरातून जातो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला उतार, आणि वळणामागून वळण. सपाट मुलखात रस्ता अडला तर शेतातून गाडी काढता येते. इथे एक मोरी उडवली किंवा भरावाचा तुकडा पाडला की मागचा सगळा ताफा जागीच खिळतो. शत्रूने नेमके तेच केले होते. चीडाची झाडे आडवी पाडली होती, मोऱ्या उडवल्या होत्या तसेच जागोजागी भराव पाडले होते, सुरुंग पेरले होते आणि या सगळ्यावर मशीनगनची नजर ठेवली होती. ८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास राणे यांची तुकडी रणगाड्यांजवळ काम सुरू होण्याची वाट पाहत असताना उखळी तोफांचा मारा झाला. दोघे ठार झाले आणि पाच जखमी. त्या पाचांत राणेही होते.

परमवीर चक्राचे मानपत्र इथून पुढे जवळजवळ कामाच्या रोजनिशीसारखे वाचता येते. दुपारी साडेचारला वाटेतली बरवाली टेकडी हाती आली, आणि परिसर पूर्ण निवळलेला नसतानाच राणे रणगाड्यांसाठी बगलरस्ता काढायला लागले. रात्री दहापर्यंत काम चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात झाली आणि दुपारी तीनला तो रस्ता तयार झाला. एका बगलरस्त्यावर साडेचौदा तास! त्यानंतर ताफा जेमतेम अर्धा मैल सरकतो तोच आडवी झाडे येतात. ती स्फोटाने उडवली, तर आणखी ३०० यार्डांवर पुन्हा तीच तऱ्हा. मग उडवलेली मोरी, तिला बगल देणारी नवी वाट, आणि संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठ्या झाडांचा अडसर, भोवती सुरुंग. अशा अडसराला हात घालण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी जमीन चाचपत सुरुंग हुडकायचे, ते हातांनी निकामी करून बाजूला काढायचे, मगच झाडांना स्फोटके लावायची. घाईत हा क्रम चुकला तर माणसेही जातात आणि रस्त्यातही खड्डा पडतो. अंधार पडत होता, म्हणून ताफ्याच्या प्रमुखाने त्या दिवशी मुक्काम ठोकला. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे त्याच झाडांपाशी हजर होते. साडेसहाला वाट मोकळी झाली. पुढच्या हजार यार्डांत अडसर आणि तुटलेले भराव एकमेकांना लागून होते. तेही साडेदहापर्यंत दूर झाले.

यानंतर जे घडले ते माझ्या दृष्टीने या गोष्टीचे मर्म आहे. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. चिंगस म्हणजे काश्मीरच्या मुघल वाटेवरची जुनी सराई. आता आघाडी पुढे सरकली होती आणि लढाईचा सगळा थरारही तिच्याबरोबर गेला होता. जखमी राणे मात्र मागे रस्त्यावरच थांबले, कारण दारूगोळा, इंधन आणि रसद घेऊन येणारे ट्रक नदीच्या गोट्यांतून जाऊ शकत नाहीत. त्या दिवशी रात्री नऊपर्यंत त्यांनी अन्न-विश्रांतीविना काम केले, आणि ११ एप्रिलला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या रात्रीही दहापर्यंत त्यांचे काम पुढच्या रस्त्यावर चालूच होते. १२ तारखेला राजौरी ताब्यात आली. रणगाडा पोहोचला म्हणजे रस्ता झाला असे नव्हे, हे ज्याला कळते तो अभियंता.

यावर पहिली शंका येईल ती पदवीची. राणे १९४० मध्ये साधे सॅपर म्हणून भरती झाले आणि अधिकारी झाले ते डिसेंबर १९४७ मध्ये, म्हणजे या लढाईच्या चार महिने आधी. त्यांना अभियंता म्हणायचे कशाच्या आधारावर? सॅपरची विद्या हाताने काम करता करता येते, आणि राणे यांच्यामागे त्या कामाची आठ वर्षे होती. ब्रह्मदेशात बुथीडाँगहून माघार घेताना साहित्य शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ते उद्ध्वस्त करण्याची कामगिरी त्यांच्याकडे होती. वाट कुठे तोडली की समोरचा सर्वांत जास्त अडतो, हे असे काम केलेला माणूस चटकन ओळखतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कामाच्या तंत्राबद्दल इतके बोलल्याने शौर्य झाकोळते, असे कोणी म्हणेल. राणे रणगाड्याबरोबर सरपटत जाऊन दोरीने चालकाला इशारे देत होते, ही लोकप्रिय हकिगत त्यासाठी पुढे केली जाते. पण त्या हकिगतीतही शाबासकी द्यावी लागते ती युक्तीलाच. माझ्या मते सर्वांत अवघड क्षण १० एप्रिलच्या पहाटेचा होता. आदल्या संध्याकाळी ज्या झाडांपाशी गोळ्या झेलल्या, तिथेच जखमी अंगाने परत जायचे, आणि धोका नेमका कुठे आहे हे पुरते ठाऊक असताना जायचे. अजाणतेपणी दाखवलेल्या धाडसाशी याची तुलनाच होत नाही.

तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. हे एकट्याचे काम नव्हते. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचे सॅपर, सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे आणि बरवाली घेणारे डोग्रा यांच्याशिवाय एक यार्डही पुढे जाता आले नसते. राणे यांना अभियंता म्हणून पाहिले तर या सगळ्यांना त्यांच्या शेजारी जागा मिळते, कारण रस्ता नेहमी टोळीच बांधते. एकट्या वीराच्या चित्रात पहिल्याच सकाळी मेलेले ते दोघे मावत नाहीत.

राणे मेजर म्हणून १९५८ मध्ये निवृत्त झाले, पुनर्नियुक्तीवर १९७१ पर्यंत सेवेत राहिले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. १९४७–४८च्या युद्धातल्या पाच परमवीरांपैकी पदक हयातीत मिळालेले दोघेच, राणे आणि करमसिंग. कारवारच्या किनाऱ्यावर २००६ पासून राणे यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले. त्या पुतळ्यापाशी नौशेरा ते चिंगस रस्त्याचा एक नकाशा लावावा, त्यावर प्रत्येक अडसराची जागा दाखवावी आणि तो हटला ती वेळ लिहावी. मानपत्रात त्या बहुतेक वेळा नोंदलेल्या आहेत.