शिपायाचे मत आणि पक्षाचा शिक्का

अमेरिकेत अध्यक्षपदासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे : लढाईच्या वेळी आपण कोठे होता ? वरवर पाहता प्रश्न देशभक्तीचा. पण कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना त्यात दुसराही प्रश्न ऐकू येतो. आपल्या जागी कोण गेला ?

हे शब्दचातुर्य नव्हे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध झाले. 1863 साली उत्तरेच्या सरकारने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला. त्यात सोय अशी की, नाव निघालेल्या इसमाने 300 डॉलर भरावेत किंवा दुसरा माणूस उभा करावा, म्हणजे तो सुटला. 300 डॉलर ही साध्या मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई ! त्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये दंगल पेटली. राग कायद्यावर होता, पण तो निघाला निरपराध काळ्या लोकांवर. राग रास्त आणि वार भलत्यावर, हा प्रकार संपाच्या दिवसांत आम्हीही पाहिलेला आहे.

गिरणीच्या भाषेत सांगायचे तर असा 'बदली' देणाऱ्यांत ग्रोव्हर क्लीव्हलंड नावाचा एक तरुण वकील होता. त्याने 150 डॉलर मोजले. त्याचे दोन भाऊ सैन्यात होते आणि आई-बहिणींचा भार त्याच्यावर होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

युद्धानंतर लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाने हिशेब सोपा करून टाकला. जशी गोळी झाडलीत तसेच मत टाका ! 1866 साली माजी शिपायांची 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' ही संघटना निघाली. 1890 च्या सुमारास तिचे सभासद 4 लाखांवर गेले. गावोगाव शाखा, मेळावे, आणि निवृत्तिवेतनाची मागणी. संघटना कशी बांधावी हे त्यांच्याकडून शिकावे. ग्रँट, हेज, गार्फील्ड, हॅरिसन, मॅकिन्ले हे अध्यक्ष सगळे उत्तरेच्या सैन्यातले आणि सगळे रिपब्लिकन.

मग गणवेशच जिंकत होता काय ? तसे म्हणावे, तर डेमोक्रॅट पक्षानेही सेनापती उभे केले होते. 1864 साली मॅक्लेलन, शिपायांचा एके काळचा लाडका. पण शिपायांची बहुसंख्य मते पडली लिंकनला. 1880 साली हॅनकॉक, गेटिसबर्गच्या लढाईत जखमी झालेला. तोही गार्फील्डपुढे हरला, जरी देशभरच्या मतांतले अंतर 10 हजारांहूनही कमी होते.

आणि 1884 साली निवडून आला कोण ? बदली देणारा क्लीव्हलंड. 1887 मध्ये त्याने माजी शिपायांच्या निवृत्तिवेतनाचे एक विधेयक नाकारले. पुढल्या वर्षी तो हरला. मते त्याला अधिक होती, पण तिकडच्या निवडणूक-पद्धतीत ती पुरली नाहीत. हॅरिसनने 1890 साली तसाच कायदा केला आणि लवकरच निवृत्तिवेतन घेणारे 10 लाखांच्या घरात पोचले. तरी 1892 मध्ये क्लीव्हलंड पुन्हा आलाच. पेन्शन हाती पडली की संघटनेचा जोर ओसरतो, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

व्हिएतनामच्या युद्धाने हाच डाव उलटा मांडला. तेथे न गेलेल्या क्लिंटनने 1992 साली बुश आणि 1996 साली डोल, या महायुद्धात लढलेल्या दोघांना हरविले. 2004 साली केरीजवळ व्हिएतनामातल्या जखमांबद्दल मिळालेली तीन पदके होती. रिपब्लिकन अधिवेशनात काही प्रतिनिधी त्या पदकांची नक्कल छापलेल्या चिकटपट्ट्या हनुवटीवर लावून हिंडले. सैनिकांचा पक्ष म्हणविणाऱ्यांनी सैनिकाच्या जखमेची केलेली ही थट्टा आम्हांला फार झोंबली.

पुढे 2015 साली ट्रम्पने मॅकेनची टवाळी केली. मॅकेन त्याच्याच पक्षाचा, व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे कैदेत काढलेला. कैद न झालेली माणसे आपल्याला आवडतात, असे ट्रम्प म्हणाला. स्वतः त्याने त्या युद्धात भरतीतून पाच वेळा सवलत घेतली होती. 2016 च्या निवडणुकीत मतदान करून बाहेर पडणाऱ्यांची पाहणी झाली, तीत माजी सैनिकांपैकी सुमारे 60 टक्क्यांनी मत ट्रम्पलाच दिल्याचे दिसले.