धावत्या गाडीचे छायाचित्र

रत्नागिरीजवळ पानवल नदीची एक खोल दरी आहे. पावसाळ्यात तिचे दोन्ही उतार हिरव्यागार झाडीने झाकून जातात. या दरीवरून कोकण रेल्वेचा पूल गेला आहे. तो 424 मीटर लांब असून नदीच्या पात्रापासून सुमारे 64 मीटर उंच आहे. दिल्लीचा कुतुबमिनार या पुलाशेजारी उभा केला, तर तो पुलाहून आठ-नऊ मीटरच उंच भरेल. 1998 साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून उंच खांबांवरून धावणारी आगगाडी हे या भागातील एक प्रेक्षणीय दृश्य झाले आहे. त्याचे छायाचित्र घ्यावे, असे अनेकांना वाटते.

परंतु हे काम दिसते तितके सोपे नाही. समजा, एखादी गाडी ताशी 90 किलोमीटर वेगाने येत आहे. म्हणजे ती एका सेकंदात 25 मीटर अंतर तोडते. तिचे इंजिन हा पूल अवघ्या सतरा सेकंदांत ओलांडील. गाडीची लांबी 500 मीटर धरली, तर पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडीच गाडी दिसेल; पण असा संपूर्ण भरलेला पूल केवळ तीन सेकंदच दिसेल. छायाचित्रकार तासभर वाट पाहतो ती या तीन सेकंदांसाठी. तेवढ्यात त्याचा हात चुकला, तर पुढची गाडी येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

आता कॅमेऱ्याचे कार्य कसे चालते ते पाहू. कॅमेऱ्याच्या भिंगातून आत येणारा प्रकाश अडवून धरण्यासाठी एक झडप असते. कळ दाबली की झडप क्षणभर उघडते आणि पुन्हा मिटते. त्या अवधीत आत आलेल्या प्रकाशाने चित्र उमटते. पूर्वी ते फिल्मवर उमटत असे. आता बहुतेक कॅमेऱ्यांत ते प्रकाश ओळखणाऱ्या एका लहानशा चकतीवर उमटते. ही झडप एका सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात आपली गाडी अर्धा मीटर पुढे गेलेली असते. साहजिकच चित्रात डब्यांच्या खिडक्या एकमेकींत मिसळून जातात. झडप सेकंदाचा हजारावा भागच उघडी ठेवली, तर गाडी केवळ अडीच सेंटिमीटर सरकते आणि चित्र स्वच्छ येते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. छायाचित्र हा काळाचा एक लहानसा तुकडा असतो, आणि तो किती लहान घ्यावा हे छायाचित्रकार ठरवतो. 1838 च्या सुमारास दागेर या फ्रेंच संशोधकाने पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. त्या काळी चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. रस्त्यावरून जाणारी माणसे आणि घोडागाड्या इतका वेळ एका जागी थांबल्या नाहीत, म्हणून त्या चित्रात उमटल्याच नाहीत. बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक मनुष्य मात्र दिसतो. याच्या अगदी उलट प्रकार 1878 साली अमेरिकेत घडला. मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने घोड्यांच्या धावपट्टीलगत बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि त्यांच्या झडपांचे दोरे घोड्याच्या वाटेत आडवे ताणले. घोडा भरधाव निघाला, दोरे एकामागून एक तुटत गेले आणि बारा चित्रे निघाली. धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात, हे त्या चित्रांनी सिद्ध केले. माणसाच्या डोळ्याला जे कधी दिसले नव्हते, ते काळाच्या लहानशा तुकड्याने दाखवले.

झडप किती वेगाने मिटावी, हे गाडीच्या वेगाप्रमाणेच अंतरावरही अवलंबून असते. एस. टी. च्या खिडकीतून बाहेर पाहिले असता रस्त्याकडेची झाडे भराभर मागे पळतात, दूरचे डोंगर मात्र हळूहळू सरकतात. कॅमेऱ्यालाही तसेच दिसते. दरीपलीकडच्या उतारावरून पाहिलेली गाडी चित्रात थोडीच सरकते. रस्त्याच्या कडेवरून पाहिलेली मोटार क्षणात या टोकाकडून त्या टोकाकडे जाते. म्हणून दुरून चित्र घेणे अधिक सोपे असते. श्रावणात आभाळ भरून आले म्हणजे आणखी एक अडचण येते. प्रकाश मंद असल्यामुळे झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते, आणि मग चित्र पुसट होण्याचे भय असते.

तथापि अगदी स्वच्छ चित्रातही एक उणीव राहते. त्यातील गाडी धावते आहे की उभी आहे, हे पाहणाऱ्यास कळत नाही. गतीचा भास व्हावा म्हणून कुशल छायाचित्रकार दुसरी युक्ती योजतात. ते झडप सेकंदाचा तिसावा भाग इतकी दीर्घ ठेवतात, परंतु कॅमेरा स्थिर न ठेवता गाडीबरोबर फिरवतात. पाय घट्ट रोवून ते कमरेतून वळतात. गाडी दूर असतानाच कॅमेरा तिच्यावर रोखतात, ती समोर येताच कळ हलकेच दाबतात, आणि त्यानंतरही कॅमेरा तसाच फिरवत राहतात. गोफणीतून दगड सुटताच शेतकऱ्याचा हात एकदम थांबत नाही, तसाच हा प्रकार आहे. गाडी कॅमेऱ्याबरोबर राहिल्याने स्वच्छ उमटते. मागची झाडे आणि घरे मात्र आडव्या रेघांसारखी ओढली जातात. चित्र पाहताच गाडीचा वेग मनास जाणवतो. मोटारींच्या आणि सायकलींच्या शर्यतींची छायाचित्रे पुष्कळदा अशीच घेतलेली असतात. मैदानात सायकल फिरवणाऱ्या मित्रावर कॅमेरा रोखून या युक्तीचा सराव कोणालाही करता येतो.

कधी कधी कॅमेऱ्याच्या रचनेमुळेही चमत्कारिक चित्रे निघतात. 1912 च्या सुमारास लार्टिग या फ्रेंच तरुणाने मोटारशर्यतीचे एक चित्र घेतले. त्यातील मोटारीचे चाक गोल नसून पुढे कललेल्या अंड्यासारखे दिसते. त्याच्या कॅमेऱ्याच्या झडपेला एक अरुंद फट होती. ती सरकत असताना चाकाचा खालचा भाग आधी उमटला व वरचा नंतर. तेवढ्यात मोटार पुढे गेली होती. आजच्या मोबाइल फोनचा कॅमेराही बहुधा चित्राच्या ओळी एकामागून एक टिपतो. म्हणून धावत्या आगगाडीच्या खिडकीतून टिपलेले विजेचे खांब तिरके दिसतात.

चित्राच्या मोहात एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. भरधाव आगगाडीला ब्रेक लावले, तरी ती थांबेपर्यंत शेकडो मीटर पुढे जाते. रुळांवरील तारांतून 25,000 व्होल्ट दाबाची वीज वाहते. रुळांवर किंवा पुलावर परवानगीवाचून जाणे हा 1989 च्या रेल्वे कायद्यान्वये गुन्हाही आहे. एका चित्रासाठी रुळांजवळ उभे राहून काही जणांनी आपले प्राण गमावले आहेत. जाणता छायाचित्रकार असे धाडस करीत नाही, आणि त्याला त्याची गरजही नसते. सुंदर चित्र दुरूनच मिळते, हे त्याला ठाऊक असते.

म्हणून तो दरीच्या पलीकडे सुरक्षित जागा शोधतो, प्रकाशाचा अंदाज घेतो, झडपेचा वेळ ठरवतो आणि वाट पाहत बसतो. दुरून शिट्टी ऐकू येते. इंजिन पुलावर येते, त्यामागे एकेक डबा येतो, आणि पाहता पाहता सारा पूल भरून जातो. हातात तीन सेकंद असतात. पण ज्याची तयारी आधीच झालेली आहे, त्याला ते पुरेसे होतात.