युनानी अर्शचिकित्सेची कसोटी

ज्या व्याधीस आपण अर्श म्हणतो, त्यास युनानी हकीम ‘बवासीर’ म्हणतात. त्यांची औषधे पाहिली की परकेपणा उरत नाही. ‘हब्ब-ए-रसौत’मधील रसौत म्हणजे दारुहरिद्रेपासून सिद्ध होणारे आपले रसांजन, ‘हब्ब-ए-मुकिल’मधील मुकिल म्हणजे गुग्गुळ, ‘इत्रीफल’ हा शब्द तर त्रिफळेवरूनच गेला. त्यामुळे या कल्पांची परीक्षा काही अंशी आपलीही असते.

परंतु परीक्षा कशास म्हणावे? अर्शातील रक्तस्राव स्वभावतःच कमीअधिक होतो. रुग्ण येतो तो ऐन भरात. पुढे स्राव आपोआप उणावला तरी श्रेय गोळीस मिळते. त्यात पथ्याची भर. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत ७ चाचण्यांतील ३७८ रुग्णांचा विचार झाला. केवळ तंतुमय द्रव्यांनी रक्तस्रावाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले. अर्थात इसबगोलाचे यश रसौतीच्या खाती जमा होणे सहज शक्य आहे. म्हणून दोन्ही गटांस पथ्य व इसबगोल समान द्यावे आणि भेद फक्त गोळीचा ठेवावा. रसौत पिवळी व अतिशय कडू. तेव्हा औषध आणि प्रतिरूप दोन्ही अपारदर्शक कॅप्सूलमध्येच हवीत, अन्यथा रुग्ण पहिल्याच दिवशी ओळखील. प्रॉक्टोस्कोपने पाहणाऱ्या वैद्यासही गट ठाऊक नसावा. रसौतीतील बर्बेरीनचे प्रमाण आधी मोजलेले असावे. एरवी तपासले काय, हेच कळणार नाही.

तीस रुग्ण, तुलनेचा गट नाही आणि निष्कर्ष ‘उत्तम लाभ’, असे निबंध आपल्याही परिषदांत वाचले जातात. याउलट भगंदरावरील क्षारसूत्राची भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची बहुकेंद्री चाचणी पाहावी. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात पुनरुद्भव क्षारसूत्राने ४ टक्के, शस्त्रकर्माने ११ टक्के होता. मात्र व्रण भरण्यास क्षारसूत्राने ८ आठवडे लागले, शस्त्रकर्माने ४. उणी बाजूही मांडल्यामुळेच शल्यचिकित्सकांपुढे तो अहवाल ठेवता येतो.

एक दक्षता चाचणीत व नित्य व्यवहारात सारखीच. गुदगत कर्करोगातही रक्त पडते, आणि औषधाने ते काही काळ थांबल्यासारखे भासू शकते. विशेषतः चाळिशीपुढील रुग्णात, वजन घटत असल्यास वा मलप्रवृत्ती अलीकडे बदलली असल्यास, गोळी कोणत्याही पॅथीची असो, अंगुलिपरीक्षा व आवश्यक तेथे कोलोनोस्कोपी झाल्यावाचून ती सुरू करू नये.