इंटरनेटवरील अनामिकता : विश्वास आणि साशंकता ('टॉर'च्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
इंटरनेट वापरताना आपली ओळख गुप्त राहावी, ही गरज पत्रकार, मानवी हक्क कार्यकर्ते आणि सामान्य नागरिक या सर्वांनाच जाणवते. या गरजेतून पुढे आलेल्या साधनांपैकी 'टॉर' हे प्रमुख साधन होय. मात्र त्याच्याविषयी एकीकडे आंधळा विश्वास, तर दुसरीकडे सरसकट संशय आढळतो. या दोन्ही भूमिका कितपत तर्कसंगत आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्वरूप व कार्यपद्धती :
'टॉर'मागील मूळ संकल्पना १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाली. पुढे २००६ मध्ये 'टॉर प्रोजेक्ट' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. या पद्धतीत माहितीवर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सांकेतिक आवरणे चढवून ती साधारणतः तीन संगणकांमार्फत पाठविली जाते. पहिल्या संगणकाला माहिती कोठून आली हे समजते, परंतु ती अखेर कोठे जाणार हे समजत नाही. शेवटच्या संगणकाला गंतव्यस्थान समजते, परंतु मूळ प्रेषक समजत नाही. म्हणजेच येथे विश्वास कोणा एकावर न टाकता विभागला जातो.

साशंकतेची कारणे :
या प्रकल्पास अमेरिकी शासनाचे मोठे अर्थसाहाय्य लाभले, हा पहिला आक्षेप होय. तथापि त्याची आज्ञावली सर्वांना तपासण्यासाठी खुली असल्याने या संशयाची शहानिशा करता येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २००७ मध्ये स्वीडनमधील संगणक सुरक्षा सल्लागार डॅन एगरस्टॅड याने साखळीतील शेवटचे संगणक स्वतः चालवून अनेक दूतावासांच्या ई-मेल खात्यांचे पासवर्ड मिळविले. त्यांत भारतीय खातीही होती. येथे 'टॉर' भेदले गेले नव्हते. शेवटच्या संगणकापुढे माहिती उघड्या स्वरूपात जात होती, एवढेच. डिसेंबर २०१३ मध्ये परीक्षा टाळण्यासाठी 'टॉर'द्वारे बॉम्बची खोटी धमकी देणारा हार्वर्ड विद्यापीठाचा विद्यार्थी पकडला गेला, कारण त्या वेळी 'टॉर' कोणी वापरले याची नोंद विद्यापीठाच्याच नेटवर्कमध्ये होती.

समारोप :
उपरोक्त उदाहरणांवरून असे दिसते की, अनामिकता आणि गोपनीयता या दोन भिन्न बाबी आहेत. 'टॉर' प्रेषकाची ओळख झाकते. मजकुराच्या सुरक्षिततेची हमी देत नाही, तसेच त्याचा वापरही लपवीत नाही. त्यामुळे 'हे साधन विश्वासार्ह आहे काय?' असे विचारण्यापेक्षा 'कोणती माहिती, कोणापासून लपवावयाची आहे?' हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडणे अधिक उचित ठरेल.