इंटेल मोठी, पण धडधाकट कोण?
२०२४ साली इंटेलची विक्री सुमारे ५३ अब्ज डॉलर होती, एएमडीची जेमतेम २६ अब्ज. तरी इंटेलला जवळपास १९ अब्जांचा तोटा झाला आणि एएमडीने दीड अब्जाहून अधिक नफा कमावला. म्हणून चिप कंपनीची तब्येत विक्रीवरून जोखू नये. कारखान्यांचा भार कोण वाहतं, ते आधी पाहावं. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्येच वेगळे काढले. इंटेल मात्र अजून स्वतःचे बांधते, आणि यंत्रांना काम कमी असलं तरी घसारा थांबत नाही. कोणी म्हणेल, तोटा बराचसा कागदी होता, मालमत्तेचं मूल्य घटवल्याचा. खरं आहे. पण त्याच वर्षी इंटेलने लाभांशही थांबवला. रोकडीची चणचण कागदी नव्हती. एएमडीची मदार मात्र मुख्यतः तैवानच्या टीएसएमसी या कंपनीच्या कारखान्यांवर आहे, आणि तो धोका ताळेबंदाच्या आकड्यांत दिसत नाही.