बापाचे मृत्युपत्र आणि भावाबहिणींचा कज्जा

घरातला म्हातारा जातो. दहावे होते, तेरावे होते. पाहुणे आपापल्या गावी परततात. मग जुनी पेटी उघडते आणि तिच्यातून एक कागद निघतो. थोरला म्हणतो, "हे अण्णांचे मृत्युपत्र." धाकटा म्हणतो, "ही सही अण्णांची नव्हेच." बहीण काही बोलत नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी येते. एका ताटात जेवलेली भावंडे कोर्टात उभी राहतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण ती चढायची वेळ का येते, हे कळले तरच ती टाळता येते.

मृत्युपत्र म्हणजे काय?

आपल्या मागे आपली मालमत्ता कोणाला मिळावी, हे माणूस जिवंतपणी लिहून ठेवतो. तो कागद म्हणजे मृत्युपत्र. तो जिवंत आहे तोवर त्या कागदाला जोर नसतो. मन बदलले तर तो कागद रद्द करता येतो, नवा करता येतो. दोन मृत्युपत्रे निघाली आणि त्यांचे एकमेकांशी जुळत नसले, तर शेवटचे खरे धरतात.

कायद्याच्या अटी थोड्या आहेत. लिहून देणारा अठरा वर्षांवरचा आणि शुद्धीवर असावा. त्याने सही किंवा अंगठा करावा. निदान दोन साक्षीदार असावेत. त्याने सही केलेली त्यांनी पाहिलेली असावी, किंवा "ही सही माझीच" असे त्याने त्यांना सांगितलेले असावे. मग त्याच्या समोर त्यांनी आपल्या सह्या कराव्यात. स्टॅम्पचा कागद लागत नाही. साध्या कागदावरचे मृत्युपत्रही चालते.

पुरवणीपत्र म्हणजे काय?

समजा, एरंडोल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने स्वकष्टाने आठ एकर कोरडवाहू जमीन घेतली आणि गावात घर बांधले. त्याने मृत्युपत्र केले. दोघा मुलांना चार-चार एकर, आणि घर थोरल्याला. पुढे त्याची लेक विधवा होऊन माहेरी आली. तिने तीन वर्षे बापाचे दुखणे काढले. बापाने दुसरा कागद केला: "घर लेकीला द्यावे. बाकी सारे पहिल्याप्रमाणे." पहिल्या मृत्युपत्राला जोडलेला असा कागद म्हणजे पुरवणीपत्र.

बापाची इच्छा चांगली होती. पण या दुसऱ्या कागदावर त्याने एकाच शेजाऱ्याची साक्ष घेतली. पुरवणीपत्रालाही दोन साक्षीदार लागतात, हे त्याला ठाऊक नव्हते. कोर्टात हा कागद टिकणार नाही. पहिले मृत्युपत्र कायम राहील आणि घर थोरल्याला जाईल. एका सहीपायी लेकीचे छप्पर गेले! जुन्या मृत्युपत्रात खाडाखोड करून तसेच ठेवले, तरी हीच गत होते.

बाप काय देऊ शकतो?

स्वकष्टाचे असेल ते बाप कोणालाही देऊ शकतो. वडिलोपार्जित एकत्र जमिनीत मात्र त्याचा स्वतःचा हिस्सा असेल, तेवढाच त्याला देता येतो. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. २००५ साली तो सुधारला, आणि अशा जमिनीत मुलीला जन्माने मुलाइतकाच हक्क मिळाला. बाप २००५ पूर्वी वारला असला तरी मुलीचा हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. म्हणून "लेकीला काही देऊ नये" असे बापाने लिहिले, तरी तिचा स्वतःचा हिस्सा बुडत नाही. मुसलमान बांधवांचा कायदा वेगळा आहे. वारसांच्या संमतीवाचून त्यांना एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.

प्रोबेट म्हणजे काय?

हे मृत्युपत्र खरे आहे, असा कोर्टाचा शिक्का म्हणजे प्रोबेट. मुंबई शहरात ते पूर्वी सक्तीचे होते. २०२५ साली संसदेने ती सक्ती काढली. आपल्याकडे ते सक्तीचे नव्हतेच. पण भांडण असले तर लोक ते मागतात. कोणी हरकत घेतली की त्याचा दावा होतो.

मोठ्या घरांनाही हे चुकले नाही. बाळासाहेब ठाकरे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी वारले. त्यांच्या मृत्युपत्रावर १३ डिसेंबर २०११ ही तारीख होती. त्यात जयदेव या मुलाला वाटा नव्हता. दुसरे पुत्र उद्धव यांच्या बाजूने मुंबईच्या उच्च न्यायालयात प्रोबेट मागितले गेले. सही करताना वडिलांची मनःस्थिती ठीक नव्हती, असे जयदेव यांचे म्हणणे. उद्धव यांनी ते नाकारले. साक्षी झाल्या, डॉक्टरांचीही साक्ष झाली. शेवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये जयदेव यांनी आपला विरोध मागे घेतला. तोवर जवळजवळ सहा वर्षे गेली होती.

अशा दाव्यात कोर्ट काय पाहते? सही खरी आहे का? माणूस शुद्धीवर होता का? कोणी दडपण आणले का? ज्याला सर्वांत जास्त मिळते, त्यानेच कागद लिहवून घेतला असला तर कोर्टाला शंका येते. ती शंका मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानेच फेडली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगून ठेवले आहे. जमीन मुळात बापाची होती की नव्हती, हा प्रश्न प्रोबेटच्या कोर्टात सुटत नाही. त्यासाठी दिवाणी दावा वेगळा.

आणि सातबारा? मृत्युपत्रावरून फेरफार नोंद होते. हरकत आली तर महसुली अधिकारी चौकशी करतात. पण सातबारावर नाव लागले म्हणजे मालकी ठरली, असे नाही. शेवटचा शब्द कोर्टाचा.

कज्जा कसा टाळावा?

१. अंगात बळ आहे तोवर मृत्युपत्र करा. शेवटच्या घटकेची वाट पाहू नका.

२. ज्यांना काही मिळणार नाही आणि जे वयाने लहान आहेत, असे साक्षीदार घ्या. पुढे त्यांनाच साक्ष द्यावी लागते.

३. आजारपण असेल तर डॉक्टरचा दाखला जोडा.

४. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा. ती सक्तीची नाही, पण उपयोगी आहे. नोंदलेल्या मृत्युपत्रावरही हरकत घेता येते, हे मात्र विसरू नका.

५. कोणाला कमी दिले तर का दिले, ते लिहा. जमल्यास मुलाबाळांना बसवून तोंडाने सांगा.

कज्जा उभा राहिलाच तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईमाणसाला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसते.

प्रश्न

१. मृत्युपत्राला किती साक्षीदार लागतात?

२. वरच्या गोष्टीतल्या लेकीचे घर का गेले?

३. तुमच्या घरातली कोणती जमीन वडिलोपार्जित, कोणती स्वकष्टाची? घरी विचारा आणि वहीत लिहून ठेवा.