उघड्यावरील मोटारसायकल आणि गंज

लोखंडावर गंज 'चढतो' असे मराठीत म्हणतात, आणि गंजाने लोखंड 'खाल्ले' असेही म्हणतात. पहिल्या प्रयोगात गंज हा बाहेरून येऊन बसलेला थर आहे, भांड्यावर चढविलेल्या कल्हईसारखा. दुसऱ्यात तो धातूचाच क्षय आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दुसरा प्रयोग वस्तुस्थितीला अधिक धरून आहे, आणि हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. गंज चढतो असे मानणारा मनुष्य तो घासून काढतो, वरून रंगाचा हात देतो आणि निश्चिंत होतो. तो खातो असे मानणारा मात्र, खाणे कोठे चालू आहे आणि कशाच्या आधाराने, हे प्रथम पाहतो.

हा प्रश्न ज्यांना दरवर्षी भेडसावतो त्यांत कोकणच्या किनारपट्टीवरील मोटारसायकलींचे मालक अग्रभागी आहेत. पुण्या-मुंबईस नोकरी करणाऱ्याचे वाहन गावच्या घरी असते. पडवीत जागा नसल्याने ते अंगणात उभे राहते. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. गणपतीस घरी आलेला मालक ताडपत्री काढतो तेव्हा जे दिसते त्याने तो चकित होतो. कारण ताडपत्री तर कोठेही फाटलेली नसते.

चकित होण्याचे वस्तुतः कारण नाही. लोखंड गंजण्यास पावसाची धार लागत नाही. पाणी व प्राणवायू यांचा सहवास पुरेसा होतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे साठ टक्क्यांच्या वर गेली की धातूच्या पृष्ठावर, विशेषतः तो मळलेला असल्यास, डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो, आणि त्या पापुद्र्यात विद्युत्रासायनिक क्रिया सुरू होते. एका जागी लोखंड विरघळते, दुसऱ्या जागी प्राणवायूचे क्षपण होते, आणि दोहोंमधील विद्युत्प्रवाह धातूतून व पाण्यातून वाहतो. समुद्राकाठी यात मिठाची भर पडते. साधे मीठ पंचाहत्तर टक्के आर्द्रतेस हवेतील पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या क्षारांतील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे तेहेतीस टक्क्यांसच. म्हणून खाऱ्या वाऱ्यात उभे असलेले वाहन पाऊस नसलेल्या दिवशीही पुरते कोरडे नसते.

विद्युत्क्रिया कोठे एकवटते, हा यातील सर्वांत उद्बोधक भाग. केंब्रिज येथील यू. आर. इव्हान्स यांनी १९२० नंतरच्या दशकात केलेला प्रयोग याबाबतीत प्रसिद्ध आहे. स्वच्छ लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला असता गंज थेंबाच्या कडेशी धरेल, अशी कोणाचीही अपेक्षा असावी. कारण तेथे हवा अधिक पोहोचते. प्रत्यक्षात लोखंड विरघळते ते मध्यभागी, जेथे प्राणवायू सर्वांत कमी पोहोचतो. कडेची, हवेशीर जागा ऋणाग्र होऊन सुरक्षित राहते. मधली, गुदमरलेली जागा धनाग्र होऊन झिजते, आणि तपकिरी गंजाचे कडे या दोहोंच्या दरम्यान जमते. तात्पर्य हे की जेथे गंज दिसतो तेथेच धातू खाल्ला जात असेल असे नाही.

मोटारसायकलीवर असे थेंब शेकडो ठिकाणी असतात, फक्त ते थेंबाच्या रूपात नसतात. मडगार्डच्या आतील चिखलाचा लपका, सांगाड्याच्या सांध्यातील ओली धूळ, आसनाखाली अडकलेला पाचोळा, धातूला घट्ट चिकटलेली भिजकी ताडपत्री: या सर्वांच्या खाली पाणी आहे, पण हवा अपुरी आहे. ताडपत्री पावसाची धार अडविते हे खरे. पण जमिनीतून वर येणारी वाफही तीच कोंडून धरते. रात्री उघड्या आकाशाखाली कापड थंड होते, वाफ त्याच्या आतल्या बाजूस जमते आणि टपकते. न फाटलेल्या ताडपत्रीखाली गंज कसा आला, याचे उत्तर हे आहे.

यास्तव आच्छादनापेक्षा छप्पर श्रेष्ठ. चार खांब, वर पत्रा, पावसाच्या बाजूस झाप आणि उरलेल्या बाजू मोकळ्या, एवढी व्यवस्था महागड्या कव्हराहून अधिक उपकारक ठरते. छप्पर धारेस अडविते, तसेच रात्री धातूची उष्णता आकाशाकडे निसटण्यासही, त्यामुळे दव कमी पडते. झाडाची सावली मात्र छपराच्या जागी चालत नाही. पाऊस थांबल्यावरही झाड बराच वेळ ठिबकत राहते. कव्हर घालणे अपरिहार्य असेल तर ते वायुवीजनाचे असावे, धातूपासून अंतरावर राहावे, वाहन पूर्ण थंड व कोरडे झाल्यावरच घालावे, आणि खाली जमिनीवर प्लास्टिकचा कागद किंवा फळ्या अंथराव्यात.

त्याआधी गोड्या पाण्याने सर्व मीठ धुऊन काढणे अगत्याचे, कारण मिठावर मेण किंवा तेल लावणे म्हणजे शत्रूस घरात कोंडून घेणे होय. मग पूर्ण वाळविणे, रंगावर मेण, उघड्या लोखंडावर तेलाचा किंवा ग्रीसचा पातळ थर, साखळीस वंगण. बाजारातील डब्ल्यूडी-४० विषयी थोडा गैरसमज आहे. १९५३ साली सॅन दिएगो येथे अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या संरक्षणासाठी ते तयार झाले. नावातील दोन अक्षरे पाणी हटविणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची असून ४० हा यशस्वी ठरलेल्या प्रयत्नाचा क्रमांक. पाणी हटविणे ते उत्तम करते. चार महिने टिकणारा थर देणे हे त्याचे काम नव्हे. ब्रेकच्या चकतीस मात्र यांपैकी काहीही लागता कामा नये. तेलकट चकतीने ब्रेक लागत नाही, आणि तिच्यावरील हलका गंज पहिल्या काही वापरांत घासून जातो.

क्रोमची चमक फसवी असते. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. त्याखाली निकेलचा थर असतो आणि खरे संरक्षण तोच करतो. दोहोंतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी पोलादापर्यंत पोहोचते. पुढील फोर्कच्या नळ्यांवरील क्रोम याहून जाड असते, तरी तेथे पडलेला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा ऑइल सील कापतो. तेल गळून ब्रेकवर येऊ शकते. जस्ताचे लेपन निराळ्या तत्त्वावर चालते. ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून लोखंडास राखते. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी हेच तत्त्व वापरले होते.

शेजाऱ्यास सांगून आठवड्यातून एकदा इंजिन पाच मिनिटे चालू करविण्याची प्रथा सर्वत्र आहे, आणि ती अपायकारक आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी निर्माण होते. इंजिन पुरेसे तापले तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. पाच मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, वाफ आतच द्रवते व तेथेच राहते. असा सायलेन्सर आतून बाहेर खाल्ला जातो आणि छिद्र पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. वाहन चांगले वीस मिनिटे रस्त्यावर फिरविणे शक्य नसेल तर ते न चालविलेलेच बरे. बॅटरी काढून घरात ठेवावी. टाकी पूर्ण भरून झाकण घट्ट लावावे. रिकाम्या जागेतील दमट हवा टाकीच्या भिंतींवर पाणी सोडते, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते; ते मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळे होतात. टाकी गंजू लागते ती याच तळाच्या जोडापाशी, जेथे हात किंवा दृष्टी पोहोचत नाही.